ड्रॉ हातात असताना पोकर टूर्नामेंटमध्ये हिशोबाने ब्लफ कसा करावा

ड्रॉवर, म्हणजे एखादा पत्ता लागला तरच पक्का होणाऱ्या हातावर, केलेला ब्लफ, म्हणजेच सेमी-ब्लफ, दोन वाटांनी जिंकतो: समोरचा पत्ते टाकतो, किंवा तो कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावतो, आणि आपला पत्ता लागतो. या दोन्ही वाटांची बेरीज केल्याशिवाय चिप्स पुढे सरकवू नयेत, आणि ती बेरीज डावाच्या गडबडीत नव्हे, तर आधी घरी वहीत मांडून पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मित्रांच्या घरी आम्ही पैसे न लावता, केवळ चिप्सवर टूर्नामेंट खेळतो. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद केल्यावर सरावाची हीच सरळ रीत उरली आहे. तिथे वारंवार येणारा प्रसंग असा: ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स) 500 आणि 1,000, आपण बिग ब्लाइंडवर, म्हणजे 1,000 लावणाऱ्या जागी, हातात बदामाची दश्शी आणि नव्वी. एकाने 2,250 चा रेज केला, म्हणजे रक्कम वाढवली, आपण कॉल केला, पॉट, म्हणजे मधला ढीग, 5,000 झाला आणि आपल्याकडे 16,000 उरले. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत, बदामाची सत्ती, किल्वरची पंजी आणि बदामाची दुर्री आली. आपण चेक केले, म्हणजे काही लावले नाही, आणि त्याने 2,500 लावले.

आता ऑल-इन केले, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि त्याने पत्ते टाकले, तर 7,500 मिळतात. त्याने मोठ्या जोडीने कॉल केला, तर न दिसलेल्या 47 पत्त्यांत आपले नऊ बदाम शिल्लक असतात आणि रिव्हरपर्यंत, म्हणजे पाचव्या उघड्या पत्त्यापर्यंत, फ्लश (इथे बदामाचे पाच पत्ते) लागण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. 37,000 च्या पॉटचे (आधीचे 5,000 आणि दोघांचे प्रत्येकी 16,000) 35 टक्के म्हणजे 12,950. त्यातून 16,000 वजा केले, तर सरासरी तोटा 3,050. म्हणजे तो शंभरपैकी साधारण 29 वेळा पत्ते टाकत असेल, तरी बरोबरी होते. हातात काहीच नसताना हाच ब्लफ करायचा, तर त्याने 68 वेळा पत्ते टाकावे लागतात. ड्रॉची किंमत या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

मात्र 29 हा आकडा माणूस पाहूनच वापरावा. या फ्लॉपवर एक्का-राजा किंवा राजा-गुलाम घेऊन बसलेला खेळाडू पत्ते टाकू शकतो. पण ज्याच्याकडे मोजक्याच चिप्स उरल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या पॉटमध्ये गेल्या आहेत, तो काहीही असले तरी कॉल करतो, आणि प्रत्येक हात शेवटपर्यंत पाहणाऱ्या हौशी खेळाडूबद्दलही तेच. समोरच्याकडे बदामाच्या एक्क्याचा ड्रॉ असेल, तर आपले बदाम आले तरी आपण हरतो, हेही ध्यानात ठेवावे. बक्षिसाच्या उंबरठ्यावर तर गमावलेल्या चिप्सचे मोल कमावलेल्यांपेक्षा जास्त असते. तिथे 29 पुरत नाहीत, आणि आपल्याला बाहेर काढू शकणाऱ्या मोठ्या स्टॅकवर, म्हणजे जास्त चिप्सवाल्या खेळाडूवर, असा डाव टाळलेला बरा.

करताना आधी स्पष्ट आवाजात ‘ऑल-इन’ म्हणावे आणि मगच चिप्स सरकवाव्यात, कारण थोड्या ठेवून पुन्हा हात ढिगाकडे नेणे नियमात बसत नाही. पक्क्या हातावर जितका वेळ घेतो, तितकाच इथेही घ्यावा.

स्टॅक खोल असेल, म्हणजे चाळीस-पन्नास बिग ब्लाइंड असतील, तर सगळे न लावता 7,500 च्या आसपास रेज करावा. त्याला कॉल आला आणि टर्नवर, म्हणजे चौथ्या उघड्या पत्त्यावर, बदाम आला नाही, तर 46 पत्त्यांत नऊ, म्हणजे जेमतेम 20 टक्के उरतात. तिथे दुसरा मोठा बेट लावण्याआधी सगळा हिशोब नव्याने करावा, आणि समोरचा पत्ते टाकेल असे वाटण्याला ठोस कारण नसेल तर चेक करावे.