सेफ्टीच्या कामाला लागताय? आधी शिड्या बघा

सिव्हिल डिप्लोमानंतर औद्योगिक सुरक्षिततेचा ॲडव्हान्स डिप्लोमा केला आणि पुण्यात एका साइटवर सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागलो. डोक्यात टॉवर क्रेन, खोदाई, बाराव्या मजल्यावरची परांची. माझ्यासमोरचा पहिला अपघात मात्र सात फुटांवरून झाला. इलेक्ट्रिशियनचा हेल्पर, विशीतला पोरगा. घडीची शिडी न उघडता तशीच मिटवून भिंतीला टेकवलेली. खाली नव्या टाइल्स, त्यांवर चरे पडू नयेत म्हणून सिमेंटची रिकामी गोणी. गोणी सरकली, पोरगा टाचांवर आदळला. उजव्या टाचेचं हाड मोडलं आणि रोजंदारीवरच्या माणसाचे तीन महिने बुडाले. सकाळच्या फेरीत ती गोणी मी पाहिली होती. बोललो नाही, हे आजही सलतं.

म्हणून नव्यांना माझं सांगणं आहे की पहिल्या आठवड्यात साइटवरची प्रत्येक शिडी हात लावून बघा. पायांखालचे रबर झिजलेत का, पायरी हलते का, घडीच्या शिडीची मधली पट्टी पूर्ण ताणून बसते का. लाकडी शिडीला ऑइलपेंट फासलेला असेल तर ती बाजूला काढा, रंगाखाली चीर दिसत नाही. लाइटच्या कामाला ॲल्युमिनियमची शिडी अजिबात नको, तिथे फायबरचीच हवी.

सरळ शिडी लावताना चारास एक हे माप. शिडी 12 फूट उंचीवर टेकत असेल तर पाया भिंतीपासून 3 फूट. टेप नसेल तर पायथ्याला चवडे टेकवून ताठ उभं राहा आणि हात समोर सरळ करा. तळवे पायरीवर आरामात पोचले, तर कोन बरोबर. स्लॅबवर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर 3 फूट हवी आणि वरून बांधलेली हवी. शिड्यांसाठी आयएस 3696 या भारतीय मानकाचा भाग 2 आहे, तो एकदा नीट वाचा.

पण हे माप बहुतेक जुन्या कामगारांना ठाऊक असतं. मग ते चुकीची शिडी का लावतात? मी एका प्लास्टरवाल्या मामांना ड्रमवर ठेवलेल्या शिडीवरून उतरवलं. त्यांचं उत्तर होतं, "साहेब, मोठी शिडी तळमजल्यावर. लिफ्ट बंद. सहाव्या मजल्यावर कोण चढवणार? आमचं काम फुटावर आहे, जेवढे फूट प्लास्टर तेवढेच पैसे." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. शिडी आणण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांना कोणी देत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी विचारतो, "मामा, योग्य शिडी कुठंय?" ती जवळ नसेल तर काम थांबवतो आणि ती आणून देणं माझं काम समजतो. त्या वेळेची हजेरी धरायला ठेकेदाराशी भांडावं लागतं. भांडा. स्टोअरला मागणी देताना नुसतं "शिडी, 4 नग" लिहू नका. मजला, छताची उंची आणि काम लिहा, नाहीतर दहा फुटांच्या छताखाली पाच फुटांची शिडी येते आणि तिच्याखाली पुन्हा ड्रम जातो.