जुन्या घरांत आधी कोण राहायचं ते कसं शोधायचं: ठाण्यातल्या एका गल्लीचा अनुभव

ठाण्यात जुन्या घरांबद्दल विचारलं की मालकांची नावं लगेच मिळतात, हे घर अमक्यांचं, तो वाडा तमक्यांचा. पण त्या घरात खरं राहिलं कोण, मागच्या दोन खोल्यांत कोणाचा संसार झाला, माडीवर कुठली बिऱ्हाडं येऊन गेली, हे विचारलं की गाडी अडते. मी चरईच्या बाजूच्या एका गल्लीत गेली काही वर्षं हेच काम करतेय आणि हल्ली आर्किटेक्चरची, इतिहासाची मुलंमुली सुरुवात कुठून करायची म्हणून विचारतात, तर एकदा नीट लिहूनच टाकते. पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, मालक शोधणं आणि राहणारे शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. मालकाचे कागद सरकारी ऑफिसात असतात, भाडेकरूचे असलेच तर त्याच्याच कपाटात असतात, आणि आपल्या गल्ल्यांत मालकांपेक्षा भाडेकरूच जास्त राहिलेत.

याला कारणं आहेत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढे मुंबईत नोकरी करून ठाण्यात राहणं जमायला लागलं. मालकांनी माडी भाड्याने दिली, परसात विहिरीच्या बाजूला खोल्या काढल्या. १९६२नंतर वागळे इस्टेट झाली तशी कारखान्यांत काम करणारी बिऱ्हाडं आली. त्यात १९४७चा भाडेनियंत्रण कायदा, त्यामुळे भाडं गोठलं आणि एकदा राहायला आलेलं कुटुंब दोन दोन तीन तीन पिढ्या तिथेच राहिलं. म्हणजे एका घराच्या पत्त्यावर मालक एक आणि बिऱ्हाडं सहा, असं सर्रास असतं.

सुरुवात घर पक्कं करण्यापासून करा. म्युन्सिपाल्टीचे घर नंबर बदललेत, वॉर्ड बदललेत (ठाण्याची नगरपालिका १८६३ची, महानगरपालिका १९८२ची, मधे किती वेळा नंबर पडले असतील विचार करा), रस्त्यांची नावं बदललीत. त्यामुळे घर नंबरावर विसंबू नका. सिटी सर्व्हे नंबर (शहरातल्या जागांची सरकारी मोजणी झाली तेव्हा प्रत्येक जागेला पडलेला नंबर), म्हणजे सि.स.नं., हाच आधार धरा. नगर भूमापन ऑफिसातून गल्लीच्या नकाशाची नक्कल काढा आणि त्यावर पेन्सिलने आज काय उभं आहे ते लिहा, विहीर कुठे, पिंपळ कुठे, बोळ कुठे. हा नकाशा पुढे म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवला की त्यांना आठवायला फार सोपं जातं, नुसतं "तुमच्या शेजारी कोण राहायचं" विचारलं तर गोंधळतात, पण नकाशावर विहीर दिसली की बोट तिथे ठेवून सांगतात की ह्या बाजूला अमके आणि त्यांच्या मागे तमके.

मग प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे त्या सि.स.नं.च्या जागेच्या मालकीचा सरकारी उतारा. नवीन नोंदी ऑनलाइन मिळतात, काही जुने स्कॅन केलेले कागद सरकारच्या 'आपले अभिलेख'वर पैसे भरून बघता येतात, बाकी ऑफिसात अर्ज करून. कार्डावर वरती हक्काचा मूळ धारक असतो आणि खाली एकेक व्यवहार, तारीख, खंड क्रमांक, मग नवीन धारक, पट्टेदार किंवा भार, आणि शेवटी साक्षांकन. लोक वरचं नाव टिपून घेतात आणि निघतात. तसं करू नका, खालच्या नोंदीच कामाच्या आहेत. 'वारसाने' लिहिलेली नोंद असेल तर तिथे सगळ्या वारसांची नावं येतात, मुली आल्या, विधवा सून आली, आणि ही माणसं तेव्हा हयात होती एवढं तरी नक्की होतं. भार म्हणजे बहुतेकदा गहाण, तिथून घरावर कधी अडचण आली होती ते समजतं. नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलेलं नाव आहे, म्हणजे कागदावर थोरला भाऊ एकटा असला तरी धाकटे भाऊ, त्यांच्या बायका, मुलं त्याच घरात असण्याची दाट शक्यता, ते शोधायचे. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, अशी नोंद दिसली की बाप लवकर गेला असेल का ते बघायला जन्म-मृत्यूच्या नोंदीकडे वळा. आणि सिटी सर्व्हे झाला तेव्हाची चौकशी नोंदवही मिळाली तर कार्डापेक्षा ती आधी वाचा, तिथे हक्क कसा आला ते लिहिलेलं असतं.

खूप जुना कागद असेल तर मोडीत असणार आणि तारीख शकात. शकात ७८ मिळवायचे, पण पौषाच्या पुढचे महिने असतील तर बहुतेक वेळा ७९, म्हणजे शके १८३०चा माघ हा १९०९चा जानेवारी-फेब्रुवारी झाला. मोडी शिकाच, वर्ग चालतात, रोज थोडं वाचलं तर व्यवहाराचा कागद वाचता येण्याइतकी येते.

महानगरपालिकेच्या कर आकारणीच्या जुन्या नोंदवह्या हा माझ्या मते राहणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाचा सरकारी कागद, कारण तिथे मालकाबरोबर भोगवटादाराचंही, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचंही, नाव लिहिलेलं असतं. सगळ्या वर्षांच्या वह्या सापडतीलच असं नाही, पण तोंडी विचारून जमलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि अर्जात "सर्व नोंदी द्या" असं मोघम लिहू नका, सि.स.नं., जुना घर नंबर आणि वर्षं लिहा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

आता भाडेपावत्या. यावर जरा थांबते कारण नवीन माणसाची गल्लत नेमकी इथे होते. पावतीवर ज्याचं नाव तो तेव्हा तिथे राहत होता असं समजू नका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी बिस्किटांच्या डब्यातून पावत्यांचा गठ्ठा काढला, पिवळी पडलेली लहान लहान पुस्तकं, प्रत्येकीवर मालकाची सही आणि काहींवर रेव्हेन्यू स्टँप, आणि शेवटच्या पुस्तकापर्यंत नाव त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. कायद्याने भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला भाडेहक्क मिळतो, पण पावतीवर नाव चढवायचं म्हटलं की मालकाशी बोलणी, पैसे, कधी भांडण, त्यामुळे कित्येक घरांत जुनंच नाव चालू राहतं. म्हणून पावतीवरून खोली आणि भाडं पक्कं करा, आणि माणूस दुसऱ्या कागदाने पक्का करा. रेशनकार्ड, जुनं लाइट बिल, मुलाचा शाळेचा दाखला, पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड, काहीही चालतं. पावत्यांच्या मागच्या बाजूला पण बघा, त्या काकूंच्या एका पावतीमागे "मागील मोरी दुरुस्ती वजा" असं लिहून भाड्यातून रक्कम कापली होती, तर मोरी कधी झाली हे घराच्या नकाशासाठी तारखेसकट मिळालं. मालक-भाडेकरू दावा झाला असेल तर दिवाणी कोर्टातल्या कागदांत पावत्या, साक्षी, कोण कधीपासून राहतं, सगळं येतं, वकिलामार्फत नकला काढता येतात.

मतदार याद्या जुन्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, घर नंबर आणि वय दोन्ही असतं. फक्त लक्षात ठेवा की १९८९च्या आधी मतदानाचं वय २१ होतं, त्यामुळे एकोणीस-वीस वर्षांची मुलं यादीत नाहीत म्हणजे घरात नव्हती असं होत नाही.

बायकांची नावं हा वेगळाच विषय. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलायची पद्धत होती, त्यामुळे माहेरच्या घराच्या कागदात एक नाव आणि सासरच्या कागदात दुसरंच, आणि दोघी एकाच गल्लीत असल्या तर आपण दोन बायका समजून मोकळे होतो. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, गाव, आडनाव आवर्जून विचारा. कागदात त्या फार कमी सापडतात, पण भांड्यांवर सापडतात! जुन्या घरात तांब्यापितळेची भांडी माळ्यावर असतातच, ती उतरवायला मदत करा. ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, कोणी दिलं, कोणाला दिलं, तारीख, कधी गावाचं नाव. आमच्याकडे एका घंगाळावर अशी नोंद होती, लग्नाची तारीख आणि मामाचं नाव, आणि त्यावरून एक अख्खं बिऱ्हाड, ज्याची एकही पावती उरली नव्हती, ते त्या माडीवर कोणत्या साली होतं हे लागलं. म्हणून भांडी मोडीत काढायच्या आधी फोटो घेऊ द्या एवढी विनंती प्रत्येक घरात करून ठेवा.

छापील गोष्टींत दोन फार दुर्लक्षित आहेत. एक कुलवृत्तांत, म्हणजे एकेका कुळाच्या माणसांची माहिती देणारं पुस्तक. त्यात व्यक्तीगणिक शिक्षण, नोकरी आणि पुष्कळदा राहण्याचा पत्तासुद्धा असतो. दुसरं गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, त्यात वर्गणीदारांच्या याद्या, गल्लीतल्या दुकानांच्या जाहिराती, कार्यकर्त्यांची नावं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं आहे, तिथे जाऊन बसा. ठाण्यातून १८६६पासून निघणाऱ्या अरुणोदयसारख्या जुन्या वर्तमानपत्रांचे अंक जिथे बघायला मिळतील तिथे बघा, जाहिराती पण वाचा. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, पण तिथे सगळ्यात शेवटी जा, हातात नावं आणि सालं असली तरच तिथला वेळ सार्थकी लागतो.

एका समाजाबद्दल मुद्दाम लिहिते कारण त्यांची नावं आपल्या आठवणींतून लवकर जातायत. ठाण्यात बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू लोकांची, कुटुंबं मोठ्या संख्येने होती, आडनावं आपल्यासारखीच गावावरून, शेवटी 'कर', घरात मराठी. १९४८नंतर बरीच इस्रायलला गेली आणि त्यांच्या खोल्यांत दुसरी बिऱ्हाडं आली. टेंभी नाक्याजवळचं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९चं आहे. अशा घराचा माग लागला तर सिनेगॉगच्या मंडळींशी आधी बोला, परवानगी घ्या, त्यांच्याकडे तिकडे गेलेल्या नातेवाइकांचे संपर्क असतात आणि ती माणसं फार मनापासून बोलतात. कोळीवाड्यातल्या घरांसाठीही असंच, तिथे कागदापेक्षा माणूस आधी, कारण गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो आणि मालकी पिढ्यान् पिढ्या तोंडी वाटणीने चालत आलेली असते.

घराच्या वयाबद्दल एकच सांगते. मंगलोरी कौलावर १८६५ दिसलं म्हणून घर १८६५चं होत नाही. बासेल मिशनचा मंगलोरचा कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला, तो आकडा कारखान्याचा. आणि कौलं तर एका घरावरून उतरवून दुसऱ्यावर चढवतात.

लोकांशी बोलणं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. ठाण्यात आज कोणी जुन्या घराचे कागद मागितले की पहिला संशय रिडेव्हलपमेंटचा येतो आणि तो रास्त आहे, लोकांची घरं अडकलेली आहेत. मला पहिल्याच घरात आजींनी दारातून विचारलं, "बिल्डरकडून आलीयेस का गं? खरं सांग." मी म्हटलं, "नाही आजी, तुमच्या आधी इथे कोण राहायचं ते लिहून काढतेय." त्या म्हणाल्या, "मग कागद कशाला हवेत, मी सांगते की," आणि सांगितलंच, तासभर. तर पहिल्या भेटीत कागद मागूच नका. गल्लीतलंच कोणीतरी ओळखीचं बरोबर न्या, फोन खिशात ठेवा, रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. मालक आणि भाडेकरूत वाद चालू असेल तर एकाचं ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही आणि तुमची वही कोणाच्या दाव्यात पुरावा म्हणून द्यायची नाही, हे दोघांनाही आधीच स्पष्ट सांगा. दत्तक, दुसरं लग्न, कर्ज अशा गोष्टी कागदांत दिसतात, हयात माणसांच्या बाबतीत त्या तुमच्यापाशीच राहू द्या.

नोंद ठेवायला साधी एक्सेल पुरते. खोली, नाव, कधीपासून, कधीपर्यंत, कशावरून कळलं, आणि किती खात्री. 'कशावरून' हा रकाना रिकामा ठेवायचा नाही, आजींनी सांगितलं तर 'आजींनी सांगितलं' असं लिहा, तेही चालतं, फक्त कागदात दिसलेलं आणि ऐकलेलं एकत्र मिसळू नका. मधली वर्षं रिकामी राहिली तर राहू द्या, अंदाजाने जोडू नका, पुढे एखादी पत्रिका किंवा पावती निघते आणि ती जागा भरते.

आणि घाई कराच, कारण दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लागते आणि सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक वर्गात, घर आलं की लोकांना निघावं लागतं, आवराआवरीत आधी रद्दी जाते आणि तिच्यातच पावत्या, पत्रिका, पोस्टकार्डं जातात. यादी लागली की त्या घरांत आधी जा, बाकीची घरं नंतर केली तरी चालेल. एरवी मे महिना चांगला, सासरी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या असतात आणि त्यांना शेजारच्या बिऱ्हाडांची नावं भावांपेक्षा जास्त आठवतात. दिवाळीच्या आधीची साफसफाई निघते तेव्हाही जा, माळे तेव्हाच उघडतात.