एकाच युद्धपटाचे दोन कट शेजारी ठेवून कसे पाहावेत: ‘ॲपोकॅलिप्स नाऊ’ची वही

काही वर्षांपूर्वी एका मित्राशी माझं चांगलंच वाजलं. मी म्हणत होतो, ‘ॲपोकॅलिप्स नाऊ’ मस्त चाललेला असतो आणि त्या फ्रेंच मळ्यावर येऊन चिखलात बैल बसावा तसा बसतो. तो म्हणाला, ‘कुठला फ्रेंच मळा? तू झोपेत पाहिलास का?’ अर्धा तास भांडून झाल्यावर उलगडा झाला. त्यानं 1979चा सिनेमा पाहिला होता आणि मी 2001चा. माझ्या डीव्हीडीवरच्या चित्राखाली ‘रीडक्स’ असं लिहिलेलं होतं, पण त्या शब्दाचा अर्थ शोधावा असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही सिनेमा दोन आवृत्त्यांमध्ये, म्हणजे दोन वेगवेगळ्या संकलनांत (यालाच ‘कट’ म्हणतात), मिळाला की मी दोन्ही नीट लावून पाहतो. त्याची पद्धत इथे सांगतो आहे. उदाहरण याच सिनेमाचं घेतो, कारण दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलानं तो स्वतःच तीनदा वेगवेगळा बांधला आहे: 1979चा थिएटरमधला, 2001चा ‘रीडक्स’ (म्हणजे ‘परत आणलेला’) आणि 2019चा ‘फायनल कट’. गोष्ट व्हिएतनाम युद्धातली. बंड करून कंबोडियाच्या जंगलात स्वतःचं राज्य मांडून बसलेल्या कर्नल कर्ट्झला (मार्लन ब्रँडो) संपवायला कॅप्टन विलर्ड (मार्टिन शीन) एका गस्ती बोटीतून नदीनं वर वर जातो. पुढे कथेतलं बरंच काही उघड होणार आहे, तेव्हा सिनेमा पाहिला नसेल तर आधी तो पाहा.

आधी हातातला कट ओळखा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती चुकली तर सगळंच चुकतं. वेष्टनावर किंवा ॲपवर लिहिलेल्या नावावर भिस्त ठेवू नका. मिनिटं बघा. 1979चा कट 147 मिनिटांचा, श्रेयनामावली धरली तर 153. रीडक्स नामावली धरून 202, न धरता 196. फायनल कट साधारण 183.

इथे एक खाच आहे. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, तर पाल या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर तो 25नं पळवलेला असतो. त्यामुळे 147 मिनिटांचा सिनेमा 141 मिनिटांत उरकतो आणि आपल्याला वाटतं, सहा मिनिटं कुणीतरी कापली. काहीही कापलेलं नसतं. आपल्याकडे पाल पद्धतच होती, म्हणून घरातल्या जुन्या डिस्क काढाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

मिनिटांनीही शंका फिटली नाही तर प्रसंगांवरून ताडा. विलर्ड हेलिकॉप्टर तुकडीच्या कर्नल किलगोरचा सर्फबोर्ड पळवतो का? पळवत नसेल तर 1979चा कट. पळवतो, पण पावसानं चिखल झालेल्या तळावर सैनिकांसमोर नाचायला आलेल्या ‘प्लेबॉय’ मासिकाच्या मुली पुन्हा भेटत नाहीत? मग फायनल कट. दोन्ही आहे? रीडक्स.

आणखी एक गोष्ट, चौकटीचा आकार. छायाचित्रकार व्हित्तोरियो स्तोरारोच्या आग्रहामुळे जुन्या डिस्कवर चित्र 2:1 प्रमाणात, म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं छाटलेलं आहे. मूळ चौकट 2.35:1 होती. एका कटात हेलिकॉप्टरांची रांग कडेला तुटलेली दिसली तर तो दोष संकलनाच्या माथी मारू नका.

क्रम आणि अंतर

आधी 1979चा कट पाहा. एका बैठकीत, वही बाजूला ठेवून. मग निदान आठवडाभर थांबा आणि त्यानंतर रीडक्स. उलट्या क्रमानं पाहिलं तर मूळ सिनेमा पाहताना डोकं सारखं ‘आता ते यायला हवं होतं’ असं म्हणत राहतं, आणि न आलेल्या प्रसंगांची भोकं मोजण्यातच वेळ जातो. माझं तसंच झालं.

वहीत सांगाडा मांडा

दोन्ही कटांत असलेले मुक्काम ओळीनं लिहा: सायगावची हॉटेलची खोली, न्या त्रांगमधलं जेवण आणि कामगिरी, किलगोरचा हेलिकॉप्टर हल्ला, वाघ, मुलींचा नाच, सांपानवरचा (छोट्या होडीवरचा) गोळीबार, डो लुंगचा पूल, बोटीवरच्या पोरगेल्या क्लीनचा मृत्यू, बोटीचा प्रमुख चीफ याचा मृत्यू, कर्ट्झचा तळ. प्रत्येकासमोर दोन रकाने आखा आणि दुसऱ्यांदा पाहताना तो मुक्काम कितव्या मिनिटाला सुरू होतो ते दोन्ही कटांतलं टिपा. फार बारकाईची गरज नाही, मिनिटाचा आकडा पुरे.

दोन मुक्कामांमधलं अंतर जिथे अचानक फुगतं तिथे नवा माल आहे. शिवाय जुना प्रसंग नव्या जागी सरकलाय का, तेही टिपा. बोटीमागे स्कीवर उभा राहून बोटीवरचा सैनिक लान्स नदीवर घसरत जातो, ते कोणत्या प्रसंगानंतर येतं? दोन्ही रकाने भरा आणि ताडून बघा. एक ध्यानात ठेवा, 2001मध्ये कोपोला आणि संकलक वॉल्टर मर्च यांनी तयार सिनेमात नुसती ठिगळं लावली नव्हती. मूळ रशेसपासून (चित्रित झालेल्या कच्च्या फिल्मपासून) पुन्हा संकलन केलं होतं. त्यामुळे फरक मोठ्या प्रसंगांपुरता राहत नाही, ओळखीच्या प्रसंगांच्या कडाही बदललेल्या सापडतात.

नवा प्रसंग नव्हे, सांधे पाहा

खरं काम हे आहे. बहुतेक जण इथे चुकतात. वाढीव प्रसंग वेगळा काढून ‘चांगला की वाईट’ असं ठरवतात. पण वाढीव प्रसंगाचा परिणाम त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रसंगांवर होतो. म्हणून प्रत्येक जोडासाठी तीन चौकोन आखा: आधी काय होतं, मध्ये काय आलं, नंतरचं आता कसं वाटतं.

किलगोरचं घ्या. रॉबर्ट डुव्हॉलचा हा माणूस सर्फिंगला लाटा चांगल्या म्हणून गावावर हल्ला करतो. नेपामच्या (आग लावणाऱ्या बॉम्बच्या) वासाचं ते प्रसिद्ध भाषण संपतं आणि तो खिन्नपणे म्हणतो की हे युद्ध एक दिवस संपणार. 1979च्या कटात तो तिथेच सिनेमातून जातो. युद्ध संपण्याचं दुःख होणारा माणूस, एवढंच आपल्याजवळ उरतं. रीडक्समध्ये तो थांबतच नाही. नेपामनं वारा फिरतो, लाटा बिघडतात, या गडबडीत विलर्ड त्याचा लाडका बोर्ड उचलून बोटीकडे पळतो, आणि पुढे हेलिकॉप्टरमधून ध्वनिक्षेपकावर किलगोरची विनवणी ऐकू येते: बोर्ड परत द्या. हसू येतं, खरंच येतं. पण तो खिन्न शेवट पुसला जातो.

विलर्डच्या रकान्यात याहून मोठी नोंद होते. 1979चा विलर्ड बोटीवरचा उतारू आहे. बघतो, फायली वाचतो, गप्प राहतो. रीडक्समधला चोरी करून बोटीवरच्या पोरांबरोबर हसतो. पुढे पावसातल्या तळावर तो इंधनाची पिंपं देऊन पोरांना मुलींचा सहवास मिळवून देतो. यानंतर लगेच सांपानचा प्रसंग येतो, जिथे जखमी बाईला तो शांतपणे गोळी घालतो. 1979मध्ये ती गोळी त्याच्या स्वभावाला धरून वाटते. रीडक्समध्ये ती पोरांशी केलेली दगाबाजी वाटते. गोळी तीच, तिच्याआधीचा माणूस बदललाय.

मग तो मळा. जुन्या कटात आईचा आवाज टेपवर चालू असताना क्लीन मरतो, धुकं येतं, थोड्याच वेळात भाला लागून चीफ जातो. क्लीनच्या देहाचं काय झालं, कुणी सांगत नाही. दोन मृत्यूंमध्ये श्वास घ्यायला जागा नाही. रीडक्समध्ये याच धुक्यातून फ्रेंच मळेवाले निघतात, क्लीनला मानानं पुरलं जातं, आणि वीस-पंचवीस मिनिटं जेवणाच्या टेबलावर 1954चं दिएन बिएन फू (व्हिएतनाममधला फ्रान्सचा निर्णायक पराभव), फ्रान्सच्या चुका, अमेरिकेच्या चुका असा वाद रंगतो. उत्तररंगात आख्यान ऐन भरात आलेलं असताना बुवांनी थांबून पूर्वरंग लावावा, तसं ते होतं. विचार मोलाचा आहे, नाही असं नाही. या युद्धाची मुळं सिनेमात दुसरीकडे कुठेच इतकी उघड बोलली जात नाहीत. पण चीफचा मृत्यू नंतर येतो तेव्हा त्याचा धक्का अर्धा झालेला असतो.

शेवटचा सांधा कर्ट्झचा. मूळ कटात ब्रँडो जवळजवळ सगळा वेळ काळोखात आहे. डोकं, हात, आवाज, एवढाच. रीडक्समध्ये तो भर उजेडात, भोवती लहान मुलं घेऊन, कैदेतल्या विलर्डला ‘टाइम’ मासिकातला मजकूर वाचून दाखवतो. पाहताना तुम्हाला तो शहाणा वाटला की लहान झाला, ते लगेच लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी मत बदलतं.

कारणं शेवटी वाचा

का कापलं, हे आधीच कळलं तर डोळे त्याच दिशेनं पाहू लागतात. म्हणून निर्मितीची कथा नंतर. चित्रीकरण 1976मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालं, वादळानं सेट उद्ध्वस्त केले, शीनला हृदयविकाराचा झटका आला, कोपोलाचे स्वतःचे पैसे अडकलेले होते आणि दहा लाख फुटांहून जास्त फिल्म संकलनाच्या टेबलावर होती. सिनेमा लांबलचक आणि विचित्र वाटू नये, ही तेव्हाची चिंता होती. आपल्याकडे रात्र रात्र चालणारं संगीत नाटक पदं गाळून तीन तासांत बसवतात, तेव्हा गाळणाऱ्याला शेवटची गाडीही दिसत असते. तसंच काहीसं.

उत्तरपत्रिका: फायनल कट

तिसऱ्या बैठकीआधी वहीच्या एका कोऱ्या पानावर लिहा: रीडक्समधून मी काय काढेन आणि काय ठेवेन. मग फायनल कट लावा. चाळीस वर्षांनी कोपोलानं हाच पेपर सोडवला आहे. मुलींशी ती पावसातली दुसरी भेट त्यानं काढली, ‘टाइम’चं वाचनही काढलं. इथवर माझी वही त्याच्याशी जुळली. सर्फबोर्ड मी काढला होता, त्यानं ठेवला. आणि मळ्यावर तर मी लाल पेन्सिलीनं दोनदा काट मारली होती. त्यानं तोही ठेवलाय. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.