डायनीनच्या लाईट चेनचं एनएमआर करायचंय? मग हे वाचा

गोवा विद्यापीठात किंवा इथल्या दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये नवीन लागलेली पोरं विचारतात, मोटर प्रोटीनचं (पेशीत ओझी वाहणारं प्रोटीन) स्ट्रक्चर सोल्युशनमध्ये एनएमआरने (चुंबकात अणूंचे सिग्नल मोजून) काढायचं तर सुरुवात कुठून करायची. डायनीन हे असंच एक मोटर प्रोटीन, पण अख्खं घेतलं तर दहा लाख डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) वर जातं, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याची लाईट चेन (छोटी साखळी) एलसी-८ घ्या, ८९ अमिनो अ‍ॅसिडची, ई. कोलाय बॅक्टेरियात छान येते.

सगळी गंमत सॅम्पलमध्ये आहे, मशीन नंतरची गोष्ट. एम-९ मीडियात (बॅक्टेरिया वाढवायचं साधं द्रावण) आधी फक्त एन-१५चा (जड नायट्रोजनचा) अमोनियम क्लोराईड घाला, सी-१३ (जड कार्बनचं) ग्लुकोज महाग असतं, त्याला एवढ्यात हात लावू नका. मग एचएसक्यूसी घ्या, म्हणजे नायट्रोजन आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन यांच्या जोड्या ठिपक्यांनी दाखवणारा स्पेक्ट्रम. प्रोलीन सोडून प्रत्येक अमिनो अ‍ॅसिडचा एक ठिपका दिसायला हवा, नीट पसरलेला. सगळे ठिपके हायड्रोजनच्या पट्टीवर ८ ते ८.५ पीपीएममध्ये (स्पेक्ट्रमवरचं माप) गर्दी करून बसले असतील तर प्रोटीन नीट घडी झालेलं नाही, पुढे जाऊच नका, गाईड कितीही घाई करू दे.

आता खरी गोची. पीएच ७ला हे प्रोटीन जोडीने राहतं, डायमर. दोन्ही साखळ्या एकसारख्या, त्यामुळे ठिपके एकाच साखळीचे असल्यासारखे दिसतात, आणि नोएसीमध्ये (जवळजवळचे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन, दाखवणारा प्रयोग) दोन प्रोटॉन ५-६ अँगस्ट्रॉमच्या आत आहेत हे कळलं तरी ते एकाच साखळीतले की शेजारणीचे हे कळत नाही. इथे बीटा पट्टी (साखळीचा ताणलेला सरळ भाग) शेजारच्या साखळीत घुसलेली असते, म्हणजे हे चुकलं की अख्खा आकार चुकला. उपाय असा की अर्धं लेबल केलेलं (जड अणू घातलेलं) आणि अर्धं साधं प्रोटीन मिसळायचं आणि फिल्टर्ड नोएसी घ्यायची, म्हणजे लेबलवाली आणि साधी साखळी यांच्यातलीच जवळीक दिसते. पण नुसतं मिसळून भागत नाही, जोड्या सुटून पुन्हा जुळल्या पाहिजेत, म्हणून पीएच ३च्या आसपास आणायचा (५५ नंबरच्या हिस्टिडीन या अमिनो अ‍ॅसिडला प्रोटॉन चिकटतो आणि जोडी मोडते), मग हळूहळू परत ७वर. हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही.

पावसाळ्यात डी-टू-ओची (जड पाण्याची) बाटली उघडी ठेवू नका, आपल्याकडची हवा म्हणजे पाणीच, ते आत शिरतं. लाईट जाते तेव्हा शेकर (कल्चर हलवत ठेवणारं मशीन) यूपीएसवर आहे ना तेही बघून घ्या. आणि चवथीच्या आठवड्यात कल्चर लावू नका, लॅबमध्ये कुत्रंही नसतं.

मोठ्या मशीनसाठी मुंबईला टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जावं लागलं तर कोकणकन्या बरी, रात्रभर सॅम्पल बर्फात राहतं. एनएमआर ट्यूब भरून नेऊ नका, गाडीच्या हिसक्याने फुटते, प्रोटीन एपेंडॉर्फमध्ये (छोट्या प्लॅस्टिकच्या नळीत) न्या, बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून थोडं सोडियम अझाईड घालून, डीटीटी (ऑक्सिडेशनपासून वाचवणारं रसायन) मात्र तिथे पोचल्यावर ताजं घाला, आणि प्रोटीन ज्या बफरमध्ये आहे त्याच बफरची वेगळी बाटली सोबत असू द्या.