माजी सैनिक शाळेत येणार असतील तर आधी काय काय करून ठेवायचं

डिसेंबर-जानेवारीत आपल्या बेळगावकडच्या बऱ्याच प्रायमरी शाळांत सैनिकांचा एखादा कार्यक्रम असतोच, ७ डिसेंबरचा ध्वजदिन असू दे नायतर १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन, आणि होतं काय की स्टेज, शाल, नारळ, चार भाषणं, पोरं उन्हात मांडी घालून बसलेली, संपलं. दुसऱ्या दिवशी पोरांना विचारा कोण आलतं, तर म्हणतात "एक आजोबा आलते". म्हणून ही तयारीची यादी लिहिते, पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्या बाई-गुरुजींसाठी. सत्काराची तयारी निम्मी करा, आणि पोरांना ऐकायला-विचारायला तयार करण्यात तो वेळ घाला, खाली जे काय लिहिलंय ते सगळं त्यासाठीच.

आधी तारीख. १४ जानेवारी का, तर फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ ला त्या दिवशी निवृत्त झाले. ते आपल्याच कर्नाटकातले, कोडगूचे, आणि १५ जानेवारी १९४९ ला सेनेचे पहिले भारतीय प्रमुख झाले, म्हणून १५ ला सेना दिवस. पण १४ म्हणजे संक्रांत की ओ, शाळेला सुट्टी, पोरं मामाच्या गावाला, येणारे पाहुणे पण घरच्या सणात. एक-दोन दिवस मागंपुढं करा, काही बिघडत नाही, उलट तिळगूळ द्यायला निमित्त मिळतं. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस ऐकायला चांगला वाटतो पण खानापूर-जांबोटीकडं तेव्हा पाऊस असा असतो की शाळाच बंद ठेवायची वेळ येते, वर भाताची रोप लावणी चालू, ज्यांना बोलवायचं ते स्वतःच गुडघाभर चिखलात असतात. आमच्या भागाला शोभणारा दिवस म्हणजे ४ फेब्रुवारी, मराठा लाइट इन्फंट्रीचा दिवस. १६७० ला त्या दिवशी कोंढाणा घेतला म्हणून तो पाळतात, तानाजी पोरांना आधीच पाठ असतो, तिथनं पुढं बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरपर्यंत गोष्ट आणायला सोपं जातं.

मग माणूस शोधणे. हे काम पोरांनाच द्या, होमवर्क म्हणून, तुमच्या गल्लीत मिलिटरीतनं आलेलं कोण आहे ते घरात विचारून या. बघा किती नावं येतात. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असतात ते मामा, डेअरीला दूध घालणारे काका, कुणाची पिठाची गिरणी, कुणी पेन्शन घेऊन ऊस लावलाय. गावातनं नाव नाहीच मिळालं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ग्रामपंचायतीतही माहिती असते. इथं एक गोष्ट आधी समजावून सांगायला लागते. पोरांच्या डोक्यात सैनिक म्हणजे एकतर टीव्हीवरचा शहीद नायतर पांढऱ्या मिशांचा म्हातारा. जवान १५-१७ वर्षं सर्व्हिस करून पेन्शनवर येतो तेव्हा चाळिशीसुद्धा झालेली नसते, त्यामुळं माजी सैनिक म्हणजे वर्गातल्याच एखाद्याचे पप्पा असू शकतात, जिवंत, धडधाकट, सकाळी पोराला बाइकवरनं शाळेत सोडणारे. आणि ७१ ची लढाई बघितलेले जे आहेत ते सगळे आता सत्तरीच्या पुढं गेलेत, त्यांना बोलवायचं मनात असेल तर पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

एकटाच बंदूकवाला जवान बोलवू नका हेही सांगते. ड्रायव्हर, लंगरचा कुक, सिग्नलवाला, नर्सिंग असिस्टंट, गाड्या दुरुस्त करणारा ईएमईवाला, नेव्ही-एअरफोर्सचा कुणी, हे पण बोलवा, पोरांना खरं तर यांच्याच गोष्टी जास्त आवडतात, एका वेळेला पाचशे चपात्या कशा करायच्या हे ऐकताना वर्ग कसा गप्प होतो बघा एकदा. आणि आपली शाळा मराठी म्हणून पाहुणे मराठीच पाहिजेत असं काही नाही. शेजारच्या गल्लीतले कन्नड बोलणारे सुभेदार साहेब असतील तर त्यांना पण बोलवा, फौजेत सगळ्यांची बोलणी हिंदीतनं होतात, ते हिंदी-कन्नड मिसळून बोलतील, आमच्या पोरांना ते सगळं कळतं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेचं राजकारण त्या दिवशी गेटच्या बाहेर राहू दे.

नाव ठरलं की फोन करून सोडू नका, घरी जाऊन या. रँक नीट विचारून लिहून घ्या, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, ऑनररी कॅप्टन, यात चूक झाली तर माणूस तोंडावर बोलत नाही पण मनाला लागतं, आणि बॅनरवर तर चुकायलाच नको. कशाबद्दल बोलायचं नाही ते त्यांनाच विचारा. काहीजणांना एखादी पोस्टिंग, एखादा साथीदार याबद्दल बोलवत नाही, त्यांनी नको म्हटलं की नको, पोरांनाही तसं आधी सांगून ठेवा. ऐकायला कमी येतं का, तोफखान्यातल्या माणसांना हा त्रास बऱ्याचदा असतो, मग पोरानं प्रश्न माइकवरनं किंवा जवळ येऊन विचारायचा. गुडघे दुखतात का, म्हणजे खुर्ची स्टेजवर न्यायची की खाली वर्गातच ठेवायची ते ठरतं, मी तर म्हणते वर्गातच ठेवा. फटाके अजिबात नकोत. आणि शाळेचं टॉयलेट त्या दिवशी उघडं, धुतलेलं, बादलीत पाणी असलेलं पाहिजे, हे कुठल्याच यादीत कोण लिहीत नाही पण सत्तरीच्या माणसाला दोन तास बसवायचं तर शालीपेक्षा हे जरुरीचं आहे.

आता पोरांची तयारी, इथं आठवडाभर तरी द्या. पहिला प्रश्न कुठला येणार ते मी आत्ताच सांगते, "तुम्ही किती जणांना मारला?" हमखास येतो, कार्टून आणि मोबाइल गेमवर वाढलेली पोरं, त्यांचा दोष नाही. रागवून गप्प बसवलं तर ती काहीच विचारणार नाहीत, त्यापेक्षा आधीच वर्गात बोला की हा प्रश्न का विचारायचा नाही, तुझ्या आज्जीला कुणी तिच्या सगळ्यात वाईट दिवसाबद्दल सगळ्यांसमोर विचारलं तर. आणि मग त्याच्या जागी दुसरे प्रश्न द्या. पहिल्या रात्री झोप लागली का? घरची आठवण आली की काय करायचा? बर्फात आंघोळ कशी? सणाला सुट्टी नाही मिळाली तर? भीती वाटायची का? प्रत्येकानं एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, पहिली-दुसरीच्यांनी चित्र काढलं तरी चालतंय, चिठ्ठ्या आधी तुम्ही वाचा, एकसारख्या असतील त्या एकत्र करा.

पाहुण्यांना एक विनंती जरूर करा, एखादी वस्तू घेऊन या म्हणून, आणि शक्य असेल तर ती काळी ट्रंक. ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना माहीतच आहे, लोखंडी काळी पेटी, वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव, कोपरे आपटून चेपलेले, घरी आल्यावर तिच्यात आता गहू किंवा जुनी अंथरुणं. पोरांना ती उघडून बघू दे, संसार एवढ्यात मावायचा हे भाषणातनं नाही कळत. मेडल आणली तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि लावायला दिली तर कडेला बघायला सांगा, बारीक अक्षरात त्या माणसाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. नऊ वर्षांच्या सेवेचं एक, वीस वर्षांचं एक, कुणाकडं ऑपरेशन विजयचं म्हणजे कारगिलचं, चौथीची पोरं त्यावरनं हिशेब घालतात की आजोबा भरती कधी झाले असतील.

पत्रलेखन शिकवायचंच असतं तर ते याच्यातच घाला. जवानाला पत्र लिहायचं तर पत्त्यात गाव नसतंय, नंबर, रँक, नाव, युनिट, आणि खाली मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे सेनेचं पोस्ट ऑफिस, बस. का नसतं असं पोरांना विचारा, दोन मिनिटांत कुणीतरी बरोब्बर उत्तर देतं. मग प्रत्येकानं येणाऱ्या पाहुण्यांना एक पत्र लिहायचं, हातानं, रेडीमेड कार्ड नको. घरोघरी शालींची चळत लागलीय, पोरानं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं पत्र मात्र फौजी माणूस पेटीत जपून ठेवतो.

वर्गात कुणाचे पप्पा आत्ता ड्युटीवर असतील तर त्या पोराच्या घरी आधी बोला. त्याला उगाच पुढं उभं करू नका, काही पोरं अभिमानानं सांगतात, काहींना तिथंच रडू फुटतं. आणि पप्पा कुठल्या ठिकाणी आहेत, कधी निघणार, कधी येणार हे माइकवर किंवा शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको, फोटो टाकताना फळ्यावर असलं काही लिहिलेलं दिसत नाही ना तेवढं बघा. वीरनारी ताई किंवा वीरमाता, म्हणजे शहीद जवानाची बायको किंवा आई, येणार असतील तर त्यांना भाषण करायला लावू नका, त्या पोरांच्यात येऊन बसल्या तरी खूप झालं, यायचं की नाही तेसुद्धा त्यांचं त्यांनी ठरवायचं.

फॅन्सी ड्रेसचा विषय निघणारच. बाजारात मिळतात ते कॅमोफ्लाज ड्रेस आणू नका, लष्करासारखे कपडे लोकांनी घालू नयेत असं सेनेनंच सांगितलंय, आणि प्लास्टिकची बंदूक घेऊन स्टेजवर ठो ठो करणारं पोर समोर बसलेल्या हवालदार मामांना कसं वाटत असेल याचा विचार करा. युनिफॉर्म स्वच्छ, नखं कापलेली, "जय हिंद" मोठ्यानं, पुरे.

गोष्ट सांगायची असेल तर नामदेव जाधवांची सांगा. दुसरं महायुद्ध, ९ एप्रिल १९४५, इटलीत सेनिओ नदी. मराठा पलटणीचा शिपाई, सोबतचे दोघं जखमी, एकाला खोल पाण्यातनं, उभ्या काठावरनं, सुरुंगाच्या पट्ट्यातनं उचलून आणलं आणि परत जाऊन दुसऱ्याला पण आणलं. पुढं त्यांनी शत्रूच्या मशीनगन पण बंद पाडल्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण लहान पोरांसाठी ते "परत गेला" एवढंच धरून बसा. पुढं-मागं सेंटरचं म्युझियम दाखवायचं असेल तर शाळेच्या लेटरहेडवर आधी अर्ज करा, तो कॅम्पातला लष्करी भाग आहे, सरळ बस घेऊन गेटवर जाऊन उभं राहायचं नाही. १७६८ ला उभी राहिलेली जंगी पलटण मराठा लाइट इन्फंट्रीतलीच, हे जाताना बसमध्ये सांगायला बरं.

ध्वजनिधी. ७ डिसेंबरला १९४९ पासून लाल, गडद निळा, फिकट निळा असे छोटे झेंडे देऊन निधी गोळा करतात, तिन्ही दलांचे तीन रंग. डबा वर्गात फिरवा पण कुणी किती दिले याची यादी फळ्यावर नको, रोजंदारीवर जाणाऱ्या घरचं पोर असतं.

भाषणं दोनच, अध्यक्ष आणि एचएम सर म्हणजे हेडमास्तर, दोघांनाही आधीच सांगून ठेवा की पाच-पाच मिनिटं. सकाळचं क्षीरभाग्य योजनेचं दूध पिऊन झालं की लगेच सुरू करा, जेवणाच्या आधी संपवा, पाहुण्यांना पोरांच्या पंगतीतच बसवा, अक्षर दासोहचंच म्हणजे शाळेचं दुपारचंच जेवण, वेगळं ताट नको. वस्तू परत जाताना मोजून द्या, मेडलचा डबा पाहुण्यांच्या हातातच. आणि कोण आलते, रँक, फोन नंबर, काय बोलायचं नाही म्हणाले, हे सगळं एका वहीत लिहून ती वही एचएम सरांच्या कपाटात ठेवा, तुमच्या घरी नको, कारण मेमध्ये बदलीची ऑर्डर आली की नवीन येणाऱ्या बाईंना परत पहिल्यापासून गल्लीगल्ली फिरायला लागतं.