दुबई विमानतळावरून शहरात स्वस्तात कसं जायचं

दुबई विमानतळावरून टॅक्सी घेतली, की मीटर सुरूच 25 दिरहमपासून होतं. तेवढ्याच पैशांत मेट्रोचं सिल्व्हर नोल कार्ड (प्रवासाचं रिचार्ज कार्ड) येतं आणि त्यातले 19 दिरहम प्रवासाला वापरता येतात.

1. टर्मिनल 1 आणि 3 ला मेट्रोच्या रेड लाइनचं स्टेशन आहे. तिथेच खिडकीवर कार्ड घ्या.
2. स्टेशनच्या आत जाताना आणि बाहेर पडतानाही कार्ड गेटवर टेकवा. बस-ट्रामलाही हेच चालतं.

खाडीच्या एका काठावरच्या देराहून समोरच्या बर दुबईला मात्र अब्रानेच जा. लाकडी होडी, उघड्या बाजू, भाडं 1 दिरहम. रोख द्यावं लागतं, म्हणून सुटं नाणं खिशात असू द्या. एवढ्या पैशात यापेक्षा सुंदर दुबई दिसत नाही.

जपा: मेट्रोत खाणं-पिणं किंवा पुरुषांनी महिलांच्या डब्यात शिरणं, दोन्हीला 100 दिरहम दंड आहे. महिलांच्या डब्याची गुलाबी पट्टी कुठे आहे ते बघूनच चढा.