पोस्ट पाठवली, पोचलं गेट

मुलाखतीपुरते एचटीटीपीचे स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तरातले आकडे) मीही पाठ केले होते. ‘३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला’ असं सांगून नोकरी मिळाली, आणि दोनच महिन्यांत त्याच ३०१ ने मला रडवलं.

आमच्या मोबाइल ॲपमधून ग्राहकांच्या नोंदी सर्व्हरवर जायच्या. सर्व्हर एचटीटीपीएसवर (एन्क्रिप्टेड जोडणीवर) नेला, जुन्या एचटीटीपी पत्त्यावर ३०१ चा रीडायरेक्ट लावला, म्हणजे तिथे येणाऱ्याला नवा पत्ता कळावा. ॲपमधला पत्ता बदलायचं काम माझ्याकडे होतं. ‘रीडायरेक्ट आहे ना’ म्हणून मी ते मागे ठेवलं. त्यानंतर ॲप ‘नोंद झाली’ म्हणत राहिलं आणि टेबलमध्ये एकही नवी ओळ येईना. तीन दिवस मी डेटाबेस उकरत होतो. त्या दिवसांतल्या नोंदी परत मिळाल्या नाहीत.

होत होतं ते असं: ॲप जुन्या पत्त्यावर पोस्ट (डेटा पाठवायची मेथड) करायचं, बॉडीसकट, म्हणजे नोंदीच्या मजकुरासकट. उत्तरात ३०१ आणि लोकेशन हेडरमध्ये नवा पत्ता. ॲपमधली लायब्ररी न सांगता त्या पत्त्यावर जायची, पण गेट (माहिती मागायची मेथड) घेऊन. बॉडी वाटेतच सुटायची. त्या पत्त्यावर गेट आलं की आमचा सर्व्हर नोंदींची यादी द्यायचा, २०० (‘सगळं ठीक’) सकट. आणि ॲप फक्त २०० पाहायचं.

लायब्ररी चुकली नव्हती. जुने ब्राउझर ३०१ आणि ३०२ वर पोस्टचं गेट करत आले, म्हणून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही (एचटीटीपीचं प्रमाण ठरवणारा दस्तऐवज) क्लायंटला, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या ॲपला किंवा ब्राउझरला, ती मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे एका साधनात चालतं आणि दुसऱ्यात बॉडी गायब होते. मेथड बदलू द्यायची नसेल तर तात्पुरत्यासाठी ३०७, कायमसाठी ३०८.

तरी एपीआयवर (ॲप ज्याच्याशी बोलतं त्या सर्व्हरच्या पत्त्यांवर) ३०८ लावून निर्धास्त होऊ नका. पहिली पोस्ट एचटीटीपीवर उघडीच जाते, पासवर्ड असेल तर तोही. एपीआयने एचटीटीपी सरळ नाकारावं, असं माझं ठाम मत आहे. क्लायंट लगेच ओरडतो आणि पत्ता दुरुस्त होतो.

माझ्या सीनियरनी उत्तर सांगितलं नाही. “वायरवरून काय गेलं ते दाखव,” एवढंच म्हणाले. तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, तुमचा लॅपटॉप ओढून स्वतःच कोड दुरुस्त करणाऱ्या सीनियरपेक्षा असा माणूस शोधावा. मी ॲप्लिकेशनचा लॉग पाहत होतो, तिथे फक्त गेट होतं. पुढच्या वेब सर्व्हरच्या, म्हणजे एनजिनएक्सच्या, ॲक्सेस लॉगमध्ये मात्र दोन ओळी लागोपाठ होत्या: पोस्ट ३०१, गेट २००.

असे तीन दिवस तुमचेही जातील. त्यावरून ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं ठरवू नका. मी ठरवलं होतं, राजीनामाही लिहून ठेवला होता. आज आपल्या सरावाच्या प्रोजेक्टवर रीडायरेक्ट लावा, कर्लमधून (टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) रीडायरेक्टमागे जाणारा -L देऊन पोस्ट करा आणि व्हर्बोज (-v, सविस्तर तपशील) चालू ठेवून प्रत्येक ओळ वाचा.